'अटेंड' या शब्दाची हजेरी

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, 'माहिती तंत्रज्ञान आणि उद्याचं जग'. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मला उद्याचं काहीतरी कळत असेल असा गोड समज त्यामागे असावा. आमच्या धंद्यात शुक्रवारी चाललेला प्रोग्रॅम सोमवारी चालेल की नाही हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा मी विषय बदलून घेतला. मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण गेले तीन महिने तो आपल्या ग्रुपवर रोज मराठीतून येतोय. 'कोण कोण अटेंड करणार?' 'मी सहकुटुंब अटेंड करणार.' 'पहिलं सत्र अटेंड करून निघेन, मुलीचा क्लास आहे.' आणि आपल्यातल्या एका महाभागानं लिहिलं होतं, 'अटेंड तर करणारच, पण येईन की नाही ते सांगता येत नाही.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तो आज आलाय, मागून दुसऱ्या रांगेत बसलाय. त्याला सांगायचं आहे की बाबा रे, शब्दाचा इतिहास पाहिला तर तुझं वाक्य बरोबर आहे.

मी भाषातज्ज्ञ नाही. माझी पदवी अभियांत्रिकीची. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस नावं देण्यात जातो, या फंक्शनला काय म्हणू, त्या व्हेरिएबलला काय म्हणू, आणि उरलेला निम्मा दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला नावं ठेवण्यात. त्यामुळे शब्द उचकटून बघायची खोड लागते. शिवाय व्याकरणाच्या तासाला बाई आम्हाला शब्द फोडायला लावायच्या, ते अजून सुटलेलं नाही.

तर 'अटेंड' फोडू या. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचकडून आला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर तिथल्या दरबारात आणि न्यायालयात दीर्घकाळ फ्रेंच चालली आणि त्या काळात शब्दांच्या गाड्याच्या गाड्या इंग्रजीत रिकाम्या झाल्या. १३०० च्या सुमारास 'अटेंड' इंग्रजीत दिसायला लागतो. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आलेला: 'अटेंडेरे'. त्यातल्या 'अद्' चा अर्थ 'कडे', आणि 'तेंडेरे' म्हणजे ताणणं. अटेंड म्हणजे एखाद्या गोष्टीकडे ताणलं जाणं. लॅटिन बोलणारे आधी पूर्ण म्हणायचे, 'मन ताणणं'. पुढं त्यातलं 'मन' गळालं आणि नुसतं ताणणं उरलं. आपण कान टवकारतो, मान उंच करून बघतो, एखाद्या बातमीकडे डोळे लावून बसतो, त्यात अंगाचा जो भाग पुढं जातो ना, तो ताण या शब्दात आहे. 'अटेन्शन' हे त्याचंच रूप. कवायतीच्या वेळी 'अटेन्शन' म्हटल्यावर आपण पाय जुळवून ताठ व्हायचो. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की ताठ होणं शब्दाच्या पोटातच आहे!

आता गंमत बघा. लॅटिनमधला हा 'तेन' आणि संस्कृतातला 'तन्' धातू एकाच मुळाचे. त्या 'तन्' पासून आपल्याकडे तंतू आला, गाण्यातली तान आली, मराठी ताण आला, संतती आली, कारण संतती म्हणजे वंशाचा धागा पुढं ताणत नेणं. तंत्र हा शब्दही त्यातलाच. तंत्र म्हणजे मुळात माग किंवा मागावरचे ताणलेले उभे धागे. इंग्रजीतले टेन्शन, टेंट, एक्स्टेंड, इंटेंड, प्रिटेंड हे सगळे त्याच घराण्यातले. म्हणजे 'अटेंड' आणि आम्हा लोकांच्या पाटीवरचं 'तंत्रज्ञ' हे दूरचे भाऊबंद निघाले. लग्नाच्या याद्या करताना आजी अशी नाती काढायची, तसं मला झालं.

या घडीला तुमच्या लक्षात आलं असेल की 'हजर राहणं' हा अर्थ यात कुठंच नाही. तो बराच नंतर आला. आधी मन लावणं, लक्ष देणं. मग वाट पाहणं. मग कुणाच्या तरी सेवेत राहणं, कारण मालकाला कधी काय लागेल याकडे सेवकाचं लक्ष ताणलेलं असायचं. सेवेत राहायचं तर जवळ असावं लागतं, म्हणून जवळ असणं. आणि सगळ्यात शेवटी, लक्ष, वाट, सेवा सगळं गळून, नुसतं तिथं असणं. आपण शब्दाचं शेवटचं टोक उचललं.

फ्रेंचांनी मधलं टोक धरून ठेवलं. आजच्या फ्रेंचमध्ये 'अटान्द्र' म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. आमच्या टीममध्ये एक फ्रेंच सहकारी होते. ते इंग्रजीत लिहायचे, 'मी तुम्हाला तीन वाजता अटेंड करतो', आणि समोरच्याला कळायचं नाही की हे मीटिंगला येणार आहेत की आपली वाट बघत बसणार आहेत. दोन्ही अर्थांनी ते तीनला हजर असायचे, त्यामुळे निभावलं. आणि फ्रेंचमध्ये एखाद्या सभेला हजर राहायचं असेल तर काय म्हणतात? 'असिस्ते'. इंग्रजीतला 'असिस्ट' हाच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'जवळ उभं राहणं'. आता मराठीत या: उपस्थित. 'उप' म्हणजे जवळ, 'स्था' म्हणजे उभं राहणं. लॅटिनमधलं उभं राहणं आणि संस्कृतातलं 'स्था' पुन्हा एकाच मुळाचे. म्हणजे 'मान्यवर उपस्थित होते' या आपल्या वर्तमानपत्री वाक्यात आणि पॅरिसच्या बातमीत जवळजवळ एकच चित्र आहे. फक्त आपल्याकडचे मान्यवर सोफ्यावर बसलेले असतात.

इंग्रजांनी मग वाट पाहण्यासाठी कुठला शब्द घेतला? 'वेट'. तोही फ्रेंचकडूनच, उत्तरेकडच्या फ्रेंचमधून. आणि त्याचा मूळ अर्थ पाहणं, पहारा देणं. 'वॉच' आणि 'वेक' हे त्याचे नातलग. म्हणजे पाहणारा शब्द वाट पाहायला लागला आणि वाट पाहणारा शब्द हजेरीवर गेला. या सगळ्या उलाढालीत मला आपली मराठी फार आवडते. आपण सरळ 'वाट पाहणं' म्हणतो. रस्त्याकडे बघणं. इंग्रजीच्या पोटात दडलेलं ते आपल्याकडे उघड्यावर आहे.

लक्ष, वाट आणि सेवा हे तिन्ही अर्थ एकत्र शिल्लक राहिलेली एक जागा आपल्याकडे आहे, आणि ती म्हणजे दवाखाना. 'पेशंटचे अटेंडंट कोण?' असं सिस्टर विचारतात तेव्हा त्या बाकड्यावरून बहीण उठते, मुलगा उठतो, जावई उठतो. त्याच्या हातात डबा असतो, फाइल असते, चार्जर असतो. सलाईन संपत आलं का इकडे लक्ष, डॉक्टर राउंडला कधी येतात याची वाट, आणि मधे पाणी देणं, कूस बदलणं. वडिलांच्या आजारपणात माझ्याकडेही तो पिवळा पास होता. रात्री दोनला जिन्यात बसलेल्या लोकांचे चेहरे बघितले की कळतं, चौदाव्या शतकातला इंग्रज हा शब्द कशासाठी वापरत असेल.

आता थोडं आमच्या धंद्यातलं, कारण संयोजकांना निदान पाच टक्के तरी माहिती तंत्रज्ञान द्यायला हवं. ऑफिसातल्या चॅटवर आमच्या प्रत्येकाच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असतो. ठिपका हिरवा म्हणजे माणूस हजर. थोडा वेळ माउस हलला नाही की ठिपका पिवळा. म्हणून बाजारात माउस आपोआप हलवणारी छोटी यंत्रं विकत मिळतात. हसू नका, खरंच मिळतात. माणूस भाजी आणायला जातो, यंत्र हजेरी लावतं. इंजिनीअरिंग कॉलेजात याला प्रॉक्सी म्हणायचे. ७५ टक्के हजेरीच्या धाकानं एक मुलगा पाच आवाज काढायचा. त्या 'प्रॉक्सी' शब्दाचं मूळ शोधलं तर अर्थ निघतो, दुसऱ्याच्या वतीनं काळजी घेणं. त्या पाच आवाजवाल्याला हे सांगितलं असतं तर त्यानं फी घेतली असती.

पण आमच्याकडची यंत्रं यात माणसांपेक्षा शहाणी आहेत. मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो छोटे प्रोग्रॅम एकत्र काम करत असतात आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारी एक व्यवस्था असते. क्युबरनेटीस नावाची अशी एक व्यवस्था आज खूप ठिकाणी वापरतात. ती प्रत्येक प्रोग्रॅमला दर थोड्या सेकंदांनी दोन वेगवेगळे प्रश्न विचारू शकते. एक, 'जिवंत आहेस का?' दोन, 'काम घ्यायला तयार आहेस का?' पहिल्याला पुन्हापुन्हा उत्तर आलं नाही तर ती तो प्रोग्रॅम बंद करून नव्यानं सुरू करते. दुसऱ्याला 'नाही' आलं तर मात्र ती त्याला हात लावत नाही. फक्त त्याच्याकडे नवं काम पाठवायचं थांबवते, विचारत राहते, आणि तो 'तयार' म्हणाला की पुन्हा रांगेत घेते. अनेक अनुभवांनंतर शिकलेला धडा आहे हा. असणं आणि घेण्याच्या स्थितीत असणं या दोन गोष्टी आहेत, त्यांना एकाच प्रश्नात कोंबलं की चांगला चाललेला प्रोग्रॅम उगाच मारला जातो. हे एवढं लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

आपण वर्गात 'अटेंड' म्हणत नव्हतो. आपण म्हणायचो 'हजर'. 'हजर सर', 'हजर बाई', आणि शेवटच्या बाकावरून येणारा तो लांबवलेला 'हाऽऽज'. हा शब्द अरबी, फारसीमार्फत आपल्याकडे आला. त्याच मुळाचा 'हुजूर', म्हणजे समक्षता. राजाचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्याच्या समक्षतेलाच हाक मारायची. पेशव्यांच्या खास दिमतीच्या घोड्यांची जागा ती हुजूरपागा, आणि त्याच नावानं पुण्यात १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा आजही ओळखली जाते. आणि त्या हुजुरांच्या मागे पानाचा डबा घेऊन उभा असायचा तो हुजऱ्या. मालकही समक्षतेवरून आणि नोकरही समक्षतेवरून! इंग्रजीतला अटेंडंट तो हाच.

हजेरीचे आपण काय काय अर्थ केले आहेत. पाऊस हजेरी लावतो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गवई गातात, त्यालाही हजेरी लावणं म्हणतात, आणि तिथं नुसतं येऊन बसून चालत नाही, गावं लागतं. आणि 'हजेरी घेणं' म्हणजे काय हे सांगायला नको, ते अनुभव इथं बसलेल्या प्रत्येकाकडे आहेत. विशेषतः गणिताच्या तासाचे. मस्टर हा आपला दुसरा शब्द. रोजगार हमीच्या कामावर ज्यात अंगठे उठायचे ते मस्टर. ते लॅटिनमधल्या 'दाखवणं' या क्रियापदातून आलं, आणि इंग्रजीतला राक्षस, म्हणजे मॉन्स्टर, त्याच कुळातला. हे मला उगाच सांगावंसं वाटलं.

अरबीत या हजरच्या मुळापासून आणखी एक शब्द निघतो, 'हदर'. म्हणजे एका जागी वस्ती करून राहिलेले लोक. त्याच्या उलट 'बदव', वाळवंटात फिरणारे, ज्यांना आपण बेदुईन म्हणतो. ट्यूनिसमध्ये जन्मलेला इतिहासकार इब्न खल्दून, त्याचा ग्रंथ १३७७ सालचा, त्यात समाजाचे हे दोन प्रकार तो तपशिलात मांडतो: फिरणारे आणि स्थिरावलेले. पुढं अरबीत संस्कृतीला, नागर जीवनालाही याच मुळाचा शब्द मिळाला. म्हणजे हजर आणि एका जागी घर असणारा हे शब्द एका मुळाचे आहेत. हे वाचलं आणि मला आपला हजेरीपट दिसला.

आपला तालुका बालाघाटाच्या डोंगरावरचा. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावातून काय निघायचं ते तुम्हाला माहीत आहे. बैलगाड्या, नंतर ट्रक आणि ट्रॅक्टर. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवराबायकोचा एक कोयता सांगली, कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात जायचा, तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत. कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोप्या. बरोबर पोरं. लहान भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी लागायचीच. आणि इथं शाळेत त्या सहा महिन्यांत रोज सकाळी नाव पुकारलं जायचं, रोज उत्तर यायचं नाही, आणि रोज एक लाल फुली.

मेळाव्याची यादी करायला मदत म्हणून आम्ही तिघीजणी मे महिन्यात शाळेच्या ऑफिसात बसलो होतो. संयोजकांकडे यादी होती ती दहावीच्या निकालाची, ४१ नावांची. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही जुनं जनरल रजिस्टर काढलं. हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत जातात, जनरल रजिस्टर कायमचं ठेवावं लागतं. जून १९८९ मध्ये पाचवीला दाखल झालेल्यांची पानं उघडली. ५८ नावं. मधल्या वर्षांत बाहेरून आपल्या वर्गात आलेले वजा केले तर गळालेल्यांचा आकडा ५८ वजा ४१ पेक्षाही मोठा होतो. रजिस्टरला एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. त्यात निळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरात, एकाखाली एक: 'सतत गैरहजर'. माझी सवय तारखा बघायची. बहुतेक तारखा दिवाळीनंतरच्या.

लिहिणाऱ्या क्लार्कचा यात दोष काढायला मी उभी नाही. तेव्हा नियम तोच होता, रजिस्टर एकच प्रश्न विचारायचं. मघाशी सांगितलेल्या व्यवस्थेत तो दुसरा प्रश्न आहे, 'आत्ता घेता येत नाही, पण परत येणार आहेस ना?', तो रजिस्टरच्या रकान्यात नव्हता. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा, या गोष्टी गाजावाजा होऊन पुढं आल्या. शाळेतल्या हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ देणारी केंद्राची योजना सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे आपण दहावी होऊन बाहेर पडल्यावर, आणि तीही प्राथमिक वर्गांसाठी आणि ८० टक्के हजेरीच्या अटीवर. सहा महिने उसाच्या फडात असणाऱ्या पोराचे ८० टक्के कसे भरणार, याचं गणित आमच्या सरांनीही सोडवून दाखवलं नसतं.

त्या रजिस्टरमध्ये माझ्या बाकावरच्या मुलीचं नाव आहे. नाव मी इथं घेत नाही, तिनं तसं सांगितलंय. पाचवीत आणि सहावीत ती दिवाळीला गेली आणि एप्रिलमध्ये आली. येताना तिची पुस्तकं पाचटाच्या वासाची असायची. आल्या आल्या ती माझ्या वह्या मागायची आणि मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसून उतरवून काढायची. एकदा मी विचारलं, तिकडं कसं काय वाचतेस? ती म्हणाली, 'घड्याळ बघून. आत्ता मराठीचा तास असल, आत्ता गणिताचा असल. तेच पुस्तक काढते.' कारखान्याच्या भोंग्यावर ती आपल्या शाळेचं वेळापत्रक जुळवायची. मी आपली खिडकीपाशी बसून हजर, आणि माझं लक्ष बाहेरच्या आईसकांडीवाल्याच्या घंटीकडे. ती दोन-तीनशे किलोमीटरवरून याच वर्गाकडे ताणलेली. लॅटिनवाल्याला विचारलं असतं की दोघींपैकी अटेंड कोण करतंय, तर त्यानं कुणाच्या नावापुढं खूण केली असती?

सातवीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. रकान्यात तारीख आहे जानेवारी १९९२.

आम्ही शोध घेतला. गळालेल्यांपैकी सहाजणांचे फोन मिळाले. एकजण वडील गेल्यावर टेम्पो चालवायला लागला, आज त्याचे चार टेम्पो आहेत. एकीचं आठवीत लग्न झालं. एकजण गवंडीकाम करतो, आणि आपल्या शाळेच्या नव्या इमारतीच्या भिंती त्यानं बांधल्यात, मात्र उद्घाटनाला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या बाकावरची फोनवर म्हणाली, 'अगं, मी कशाची माजी विद्यार्थी? मी दहावी कुठं केली?' मी म्हटलं, तुला सातवीपर्यंतच्या कविता पाठ आहेत का? तर तिनं फोनवरच म्हणायला सुरुवात केली. मी मधेच थांबवलं, कारण मी ऑफिसच्या जिन्यात होते आणि माझ्यानं ते ऐकवेना.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी शोधून ठेवलंय. इंग्रजीत 'मी अमुक शाळा अटेंड केली' असं म्हणतात ना, त्यात पास झाल्याचा शब्द नाही. शिकायला जात होतो, एवढंच. आणि 'अलुम्नी' हा जो शब्द आपल्या बॅनरवर झळकतोय, त्याचा लॅटिनमधला अर्थ आहे पोसलेलं मूल, सांभाळायला घेतलेलं मूल. 'पोसणं' या क्रियापदावरून आलाय. पोसलेल्या मुलाला कुणी गुणपत्रिका मागत नाही.

आणि म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाची घटना तयार होते आहे, पुढच्या महिन्यात ती नोंदणीला जाणार आहे. मसुदा मी वाचला. सभासदत्वाच्या कलमात लिहिलंय, 'या शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेली व्यक्ती'. ते वाक्य काढून तिथं असं लिहावं: 'शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जिचं नाव आहे अशी कोणतीही व्यक्ती'. वकिलीची भाषा आपल्यातले दोन वकील बघून घेतील. संघानं देणगीतून ज्या शिष्यवृत्त्या द्यायच्या ठरवल्यात, त्यांनाही ७५ टक्के हजेरीची अट घातलेली आहे. ती अट ऊसतोड कामगारांच्या मुलांना लागू करू नये, आणि मूल परत आलं की त्याची शिष्यवृत्ती तिथून पुढं चालू व्हावी. हे दोन्ही ठराव मी लेखी दिलेत, सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.

त्या सहापैकी तिघं आज या मांडवात आहेत. कोण ते मी सांगणार नाही, तुम्ही ओळखाल तर ओळखा. माझ्या बाकावरचीला मात्र यायला जमलं नाही, तिच्या सुनेचं बाळंतपण आहे आणि ती तालुक्याच्या दवाखान्यात अटेंडंट म्हणून बसली आहे. तिनं सांगितलंय, कार्यक्रमाचा फोन चालू ठेव, मी ऐकते. फोन इथं माइकशेजारी आहे.

अजून बरीच नावं सापडायची आहेत. चहाच्या टेबलाजवळ पाचवीच्या त्या पानांची झेरॉक्स लावली आहे. जेवायला जाण्याआधी ती बघा. ज्यांच्याबद्दल काही माहीत असेल त्यांच्या नावापुढं लिहा. मुलींची आडनावं बदललेली असतात, म्हणून माहेरचं गाव, सासरचं गाव, भावाचं नाव, जे आठवेल ते. टोपणनावही चालेल. पेन दोरीला बांधून ठेवलाय, तो कृपा करून खिशात घालू नका.